बोटांना जागा हवी होती, मिळाले पातळ तळाचे बूट

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मैत्रीण कोथरूडची, वय ४१, बसून करायची नोकरी. काही वर्षांपासून एका ग्रुपबरोबर पळते, आठवड्यात दोनदा रस्त्यावर आणि रविवारी वेताळ टेकडी, कधी सिंहगड. पाय पुढून रुंद, त्यामुळे नेहमीचे रनिंग शूज करंगळीला चावतात आणि गड उतरून आलं की अंगठ्याची नखं काळी पडतात. ग्रुपमधल्या सीनियर मंडळींनी सांगितलं की मिनिमलिस्ट ट्रेल शूज घे, म्हणजे डोंगरवाटेवर पळायचे, कमीत कमी गादीचे, झीरो ड्रॉप (टाच आणि चवडा एकाच उंचीवर), पातळ सोल, पाय नैसर्गिक पळायला लागतो, सगळे त्रास जातात. तिने ऑनलाइन चांगले महागातले मागवले, नेहमीच्याच साइझचे, आणि पहिल्याच रविवारी टेकडीवर १० किलोमीटर पळली. पोटऱ्यांनी चार दिवस जिना उतरू दिला नाही, आणि डाव्या पायाच्या चवड्यात, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तीन आठवडे झाले तरी दुखतंय. करंगळीही अजून घासतेच आहे. ग्रुप म्हणतो होतं असं, पाय तयार होतात, सोडू नकोस. सासूबाई म्हणतात आम्ही मुळशीच्या डोंगरात अनवाणी हिंडलो, तुम्हाला कसले बूट लागतात. नवरा म्हणतो हे देऊन टाक कुणाला तरी आणि जाड गादीवाले घे. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीच्या छोट्या अंतरात नाव दिलंय. तिचा प्रश्न असा की माझेच पाय चुकीचे आहेत का, आणि हे नेटाने चालू ठेवू की सोडून देऊ?

आधी त्या चवड्याचं बघू, बुटांचं नंतर. पोटऱ्या दुखल्या त्याची मला फार काळजी वाटत नाही, दोन्ही पायांना सारखं, दुसऱ्या दिवशी जास्त, चौथ्या-पाचव्या दिवशी कमी, हे स्नायूंचं दुखणं आणि ते जातं. पण एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी तीन आठवडे दुखतंय, हे वेगळं आहे. बोटांच्या मागे चवड्यात पाच लांब हाडं असतात, त्यातलं दुसरं लांब आणि बारीक, आणि मागच्या बाजूला घट्ट बसलेलं, त्यामुळे चवड्यावर अचानक भार वाढला की बऱ्याचदा त्याच्यावर येतं. आज रात्री पाय मांडीवर घेऊन वरच्या बाजूने ते हाड बोटापासून घोट्याकडे हळूहळू अंगठ्याने दाबत जा, आणि मग दुसऱ्या पायाचं तसंच. डाव्या पायाला एका ठिकाणी चटकन कळ आली किंवा वर थोडी सूज वाटली तर ऑर्थोपेडिक डॉक्टर नाहीतर स्पोर्ट्स फिजिओला या आठवड्यातच दाखवा. हाडाला बारीक चीर असेल तर सुरुवातीचे काही आठवडे साध्या एक्स-रेमध्ये ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "नवीन पातळ बुटात १० किलोमीटर पळाले, तेव्हापासून इथेच दुखतंय" हे सगळं नीट सांगा, म्हणजे लागलंच तर ते एमआरआय करायला सांगतील. दाबून काही कळलं नाही तरी तीन आठवडे म्हणजे दाखवून यायला पुरेसं कारण आहे. आणि तोवर पळणं बंद. हे मी जरा कडक सांगतेय कारण ग्रुपमध्ये "दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय" असं जे चालतं ते मला अजिबात पटत नाही. स्नायू तयार होताना दुखतात हे बरोबर, पण हाडातलं दुखणं म्हणजे तयारी नसते.

आणि हे काही फक्त तुमच्या बाबतीत झालंय असं नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास आला होता, ३६ अनुभवी रनर्स, १० आठवडे, काहींनी आपले नेहमीचे शूज ठेवले आणि काहींना पाच बोटांचे पातळ शूज देऊन हळूहळू अंतर वाढवायला सांगितलं. शेवटी एमआरआय काढले तेव्हा पातळ शूजवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या पायाच्या हाडात आतून सूज दिसली, आणि ते सगळे हळूहळू बदलत होते. तुम्ही एका सकाळी १० किलोमीटर गेलात, तेही टेकडीवर.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात मला दोन वेगवेगळे प्रश्न दिसतात आणि कुणीतरी ते एकत्र गाठ मारून तुमच्या हातात दिलेत. पहिला प्रश्न जागेचा, म्हणजे बूट पुढून अरुंद आहे, करंगळी घासते, नखं आपटतात. दुसरा प्रश्न जाडीचा, म्हणजे पायाखाली किती गादी हवी आणि टाच चवड्यापेक्षा किती उंच हवी. तुमचा त्रास पहिला होता. गादी जास्त होते असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, टाच उंच वाटते असंही नाही, गुडघा दुखतो असंही नाही. औषध मात्र दुसऱ्या प्रश्नाचं दिलं गेलं. मिनिमलिस्ट म्हटलं की पुढून रुंद असणारच असं सगळे धरून चालतात, पण तसं नसतं. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून मिनिमलिस्ट बूट म्हणजे नेमकं काय ते ठरवलं, त्यात पाच गोष्टी मोजतात: वजन, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, बूट किती वाकतो-पिळतो, आणि पायाला सरळ धरून ठेवणाऱ्या सोयी किती कमी आहेत. पुढची रुंदी त्या पाचात नाही. म्हणजे कागदावर पक्का मिनिमलिस्ट असलेला बूट पुढे निमुळता असू शकतो, आणि चांगला जाड गादीचा बूट पुढे ऐसपैस असू शकतो. तुमची करंगळी या नव्या बुटातही घासतेय ना, त्याचं कारण हेच.

झीरो ड्रॉपचंही तसंच. ड्रॉप म्हणजे फक्त टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी. टाचेखाली ३० मिलिमीटर आणि चवड्याखाली २० असेल तर ड्रॉप १०, नेहमीचे रनिंग शूज साधारण ८ ते १२ च्या आसपास असतात. दोन्हीकडे २५ असेल तरी ड्रॉप शून्यच, आणि तो बूट पातळ अजिबात नाही. आल्ट्राचा लोन पीक असाच आहे, शून्य ड्रॉप, खाली साधारण २५ मिलिमीटर, आणि पुढून पायाच्या आकाराचा. टोपो अ‍ॅथलेटिकचे ट्रेल शूज पुढून मोकळे आणि ड्रॉप थोडा ठेवलेला. झीरो शूज (हे कंपनीचंच नाव), व्हिवोबेअरफूट हे रुंदही आणि पातळही. मेरेलचा ट्रेल ग्लव्ह पातळ आणि शून्य ड्रॉप. यातलं काहीच वाईट नाही, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं आहे. दुकानात किंवा ऑनलाइन बघताना "मिनिमलिस्ट आहे का" हा प्रश्न सोडा आणि तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, पुढे रुंदी किती, खाली जाडी किती, ड्रॉप किती. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

तुमचे पाय चुकीचे आहेत का, तर नाही. बायकांचे शूज बहुतेक कंपन्या अरुंद साच्यावर बनवतात, पुरुषांच्या साच्याची स्टँडर्ड रुंदी त्यापेक्षा जास्त असते, आणि रुंद पायाच्या बायकांना वर्षानुवर्षं दुकानदार एकच सांगतात, "मॅडम, एक नंबर मोठा घ्या." एक नंबर मोठा घेतला की बूट लांब होतो, रुंदी किंचित वाढते, टाच मागे सुटायला लागते आणि उतारावर अख्खा पाय पुढे सरकून नखं आपटतात. तुमच्या काळ्या नखांचं कारण बहुतेक हेच असणार, एकतर बूट लहान पडत होता नाहीतर मोठ्या बुटात पाय पुढे घसरत होता. पातळ सोलने यातलं काय सुधारणार होतं?

आता एक काम करा, खर्च शून्य आहे आणि अर्धा तास पण लागत नाही. संध्याकाळी करा, दिवसभर पाय वापरून झाल्यावर, कारण पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजतात आणि लांब पळतानाही तसेच सुजतात, सकाळचं माप कामाचं नाही. पळताना घालता तेच मोजे घाला. फरशीवर मोठा कागद ठेवा, त्याच्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा, बसून नाही, कारण भार आला की पाय लांब पण होतो आणि पसरतो पण. नवऱ्याला पेन्सिल एकदम उभी धरून पायाभोवती रेघ काढायला सांगा, पेन्सिल आत तिरकी झाली तर माप चुकतं. दोन्ही पायांचं काढा, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा. आता टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा (सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं), आणि चवडा जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे आडवं मोजा.

मग तुमच्या सध्याच्या दोन्ही बुटांमधले इनसोल काढून त्या कागदावर ठेवा. पाय किती आणि बूट किती ते तुम्हाला लगेच दिसेल. बघायचं काय, तर करंगळीच्या बाजूची पेन्सिलची रेघ इनसोलच्या बाहेर जाते का, अंगठ्याच्या पुढे इनसोल किती उरतो, आणि इनसोलचं टोक कुठे आहे. बऱ्याच बुटांत सगळ्यात लांब जागा मधे असते, दुसऱ्या-तिसऱ्या बोटासमोर, आणि पाय मात्र अंगठ्याच्या बाजूला लांब असतो, म्हणजे लांबी भरपूर असूनही अंगठा आत ढकलला जातो. जुना इनसोल असेल तर त्याच्यावर बोटांचे काळपट ठसे पडलेले असतात, करंगळीचा ठसा अर्धा काठावर चढलेला दिसला तर आणखी काही शोधायची गरज नाही. ट्रेलसाठी सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. रस्त्यावर थोडं कमी चालतं पण सिंहगड उतरायचा तर तेवढी लागते.

नंबरांचं सांगते, कारण ऑनलाइन मागवताना सगळे इथेच फसतात. आपल्याकडे बहुतेक यूके नंबर बोलतात पण बाहेरच्या कंपन्यांच्या साइटवर यूएस नंबर असतो, आणि यूएसमध्ये बायकांचा आणि पुरुषांचा नंबर साधारण दीडने वेगळा. "माझा ६" असं म्हणून काहीच कळत नाही. बुटाच्या जिभेवर आतल्या बाजूला लेबल असतं त्याच्यावर सीएम लिहिलेलं असतं, तो आकडा बघा, आणि कंपनीच्या साइझ चार्टमध्ये तो आकडा पायाची लांबी सांगतो की इनसोलची ते नीट वाचा. आणि रुंद पाय असलेल्या सगळ्याच मैत्रिणींना सांगते, पुरुषांचं मॉडेल घालून बघायला काही हरकत नाही, त्याच लांबीत रुंदी जास्त मिळते, कुणी विचारत नाही आणि रंग तर हल्ली सारखेच असतात. काही कंपन्या रुंद साचा वेगळा विकतात, बॉक्सवर वाइड किंवा २ई असं असतं. जमेल तितकं घालून बघूनच घ्या. संध्याकाळी जा, आपले मोजे न्या, दोन्ही पायात घाला, लेस पूर्ण बांधा, दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून उतरत या, नसेल तर जिन्यावरून उतरून बघा. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात तिथल्या तिथे थोडं पळू देतात, लाजायचं नाही. ऑनलाइन घेतले तर घरातल्या फरशीवर एक-दोन दिवस घालून फिरा आणि परत करायची मुदत संपायच्या आत ठरवा. "वापरल्यावर सैल होतील" ही आशा ठेवू नका, आताचे जाळीचे शूज चामड्यासारखे सुटत नाहीत.

लेस बांधायची एक पद्धत पण शिकून घ्या, नखांसाठी फार उपयोगी. बुटाला सगळ्यात वर घोट्याजवळ एक जादा भोक असतं, बहुतेक लोक ते तसंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या जादा भोकात घालून छोटा फास करायचा, दोन्ही बाजूंना, मग समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढून बांधायची. टाच मागे घट्ट बसते आणि पुढे बोटांवरची लेस सैल ठेवता येते. उताराच्या आधी थांबून दोन मिनिटं हे करा, आणि नखं दोन-तीन दिवस आधी कापलेली असू द्या.

सासूबाईंचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. त्यांचे पाय चालायला लागल्यापासून मातीवर, बांधावर, कातळावर वाढले, तळव्याची कातडी जाड झाली, बोटं पसरली, हाडांना वाढीच्या वयातच त्या भाराची सवय लागली. तुमचे पाय बालवाडीपासून शाळेच्या काळ्या बुटात, मग कॉलेजच्या सँडलमध्ये, मग ऑफिसच्या बेलीत. शिवाय त्या चालत होत्या. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो, चालताना तेवढा येत नाही. आणि सवय असलेल्यांनाही त्रास होतोच, वारी पुण्यातून जाते तेव्हा अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांचे फोड आपण बघतो, पाय चोळून द्यायला लोक रस्त्याकडेला बसलेले असतात.

ग्रुपमध्ये अबेबे बिकिलाचं नाव पण निघालं असेल, नेहमीच निघतं. १९६० ला रोममध्ये तो ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी पळून जिंकला हे सगळ्यांना पाठ असतं. चार वर्षांनी टोकियोला तोच बूट-मोजे घालून पळाला, परत जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळात, हे कुणी सांगत नाही. आणि हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचं २०१० चं संशोधन, ज्याच्यावरून ही सगळी लाट मोठी झाली, त्याने एवढं दाखवलं की कायम अनवाणी पळणारे लोक बहुतेक चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर बसणारा तो पहिला दणका टळतो. पातळ बूट घातल्याने दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध केलेलं नव्हतं. पातळ बुटात भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो, गुडघ्यावरचा थोडा कमी होऊन घोटा, पोटरी आणि चवड्यावर येतो. ज्याचे गुडघे कुरकुरतात आणि पोटऱ्या दणकट आहेत त्याला हे मानवू शकतं. तुमचं उलट झालं.

मग पुण्यातली जमीन बघा. वेताळ टेकडीवर मुरूम आणि सुटी खडी, खाणीच्या बाजूला टोकदार दगड, शिवाय बाभळीचे काटे. पातळ रबरातून बाभळीचा काटा सरळ आरपार येतो, जाड गादीत तो बहुतेक वेळा अडकून राहतो. संध्याकाळी बसणाऱ्यांनी फोडलेल्या बाटल्यांच्या काचा असतात, त्याचा मला दर वेळी संताप येतो पण त्या आहेतच. तळजाईची मातीची वाट त्या मानाने पायाला बरीच सोपी. सिंहगडाची आतकरवाडीची वाट म्हणजे दगडांवरून सतत चढ आणि मग सतत उतार, पावसाळा सरला की वरचा घसारा सुटतो. अशा ठिकाणी पायाखाली काहीतरी हवं. ट्रेल शूजमध्ये रॉक प्लेट नावाची पातळ पण कडक पट्टी मिळते, टोकदार दगड चवड्याला टोचू देत नाही, ती असलेला बूट तुमच्या चवड्याला जास्त बरा. तळाचे दाते ४-५ मिलिमीटरचे पुरे, त्याहून मोठे चिखलात चांगले पण आपल्या कातळावर आणि डांबरावर लवकर झिजतात. ओल्या कातळावर दात्यांपेक्षा रबर किती चिकट आहे त्याला महत्त्व, आपले जुने ट्रेकर अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट घालून अख्खा सह्याद्री फिरले ते त्या पकडीसाठीच. शेवाळावर मात्र कुठलाच बूट धरत नाही, तिथे चालायचं. वॉटरप्रूफच्या मागे लागू नका, पावसात पाणी वरून घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही, त्यापेक्षा जाळीचा बूट भिजतो आणि सुकतो. सुकवताना आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली, कडक उन्हात नको, गोंद सुटतो.

तर तुम्ही घ्यायचे काय? माझं मत स्पष्ट आहे. पुढून तुमच्या पायाच्या आकाराचा, खाली २० ते २८ मिलिमीटरच्या आसपास गादी, ड्रॉप ४ ते ८, जमल्यास रॉक प्लेट. शून्य ड्रॉप आत्ता नको, पोटऱ्या आणि टाचेच्या वरची मोठी शीर (अकिलिस टेंडन) त्याला तयार नाहीत, दर पावलाला ती शीर थोडी जास्त ताणली जाते आणि टेकडीच्या चढावर तर आणखी. नवरा म्हणतो तसे एकदम जाड गादीवालेही मी लगेच सांगणार नाही, खूप उंच आणि मऊ तळ खडीवर डुलतो आणि पाय मुरगळायची भीती वाढते, पण घालून बघा, तुम्हाला स्थिर वाटले तर ठीक. शेवटचा निकाल तुमच्या पायाचाच. कॅल्गरी युनिव्हर्सिटीचे बेनो निग बुटांवर कित्येक वर्षं काम केलेले संशोधक, त्यांनी २०१५ मध्ये मांडलं की रनरने स्वतःला आरामदायी वाटतो तोच बूट निवडावा, शरीर त्यातून बरोबर निवड करतं आणि बहुतेक दुखापतीही त्यामुळे कमी होत असाव्यात. अजून वाद आहेत त्याच्यावर, पण दोन जोड्यांत अडकलात तर हा मार्ग बरा आहे. घातल्याबरोबर बूट विसरायला झालं तर तो घ्या. "सवय होईल" असं स्वतःला समजवावं लागलं तर ठेवून द्या.

आता ते महागाचे पातळ बूट. पैसे गेले म्हणून पाय घालवू नका, तुम्ही ते पळून वसूल करायला बघताय असं मला पत्रात वाटलं. आधी कागदावर त्यांचा इनसोल ठेवून बघा, करंगळी बाहेर जात असेल तर कुणाला तरी देऊन टाका, यात नवऱ्याचं बरोबर आहे. बसत असतील तर चवडा पूर्ण बरा झाल्यावर चालायला वापरा, मंडईत, सोसायटीत, २०-३० मिनिटं. महिना-दीड महिना तसं गेलं, आणि तुम्हाला खरंच हौस असली, तर आठवड्यातून एकदा सपाट मातीवर ५ मिनिटं पळून बघा आणि पुढच्या आठवड्यात एखाद-दोन मिनिटं वाढवा. सोबत पायरीच्या काठावर उभं राहून टाच वर-खाली, आधी गुडघा सरळ ठेवून मग किंचित वाकवून, एकेका पायावर, एक दिवसाआड. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, शिरांना आणि हाडांना महिने लागतात, आणि अंगात दम आला की माणूस त्या महिन्यांची वाट बघत नाही, त्रास तिथेच सुरू होतो. आणि हे केलंच पाहिजे असं काही नाही. आयुष्यभर ६ मिलिमीटर ड्रॉपवर पळालात तरी तुमचं पळणं कमी दर्जाचं ठरत नाही.

डिसेंबरचं डॉक्टरांनी काय सांगितलं त्यावर ठरवा. त्यांनी हो म्हटलं तर पहिले दोन-तीन आठवडे तळजाईवर, ३-४ किलोमीटर, नवीन रुंद बुटात, चालत-पळत. मग वेताळ टेकडी, आणि सिंहगड स्पर्धेच्या आधी निदान दोनदा तरी उतरून बघा, कारण बूट चढताना नाही, उतरताना कळतो. हाडाचं निघालं तर या वर्षीचं नाव मागे घ्या, गड पुढच्या डिसेंबरात पण तिथेच आहेत. ग्रुपला काय सांगायचं याचं दडपण घेऊ नका, "डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय" एवढं पुरतं, आणि जमलं तर पायाची रेघ काढलेल्या त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाका, कारण तिथे आणखी दोघी-तिघी नखं काळी करून गप्प बसलेल्या असणार.

अशाच प्रश्नांची आणखी काही पत्रं आली आहेत, त्या सगळ्यांसाठी थोडं. डायबेटिस असेल आणि तळव्याला मुंग्या येत असतील किंवा बधिर वाटत असेल तर पातळ तळाचे बूट आणि अनवाणी पळणं दोन्ही नको, काटा घुसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखते अशांनी ती बरी होईपर्यंत ड्रॉप कमी करू नये. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं असेल तर रुंदी आधी बघा, आणि त्या जागेवर शिवण किंवा कडक पट्टी नसलेला बूट शोधा, बुटात हात घालून बोटाने चाचपलं की कळतं. आणि सपाट तळवे आहेत म्हणून दुकानात कुणी महागडा इनसोल गळ्यात मारत असेल तर आधी विचार करा की तुम्हाला दुखतंय का, दुखत नसेल तर तो घ्यायचं काही कारण नाही.